आघाडीला कोण जाणार

डिसेंबर उतरणीला लागला की म्हैसूरमध्ये, आमच्या चामराजपुरमच्या नाक्यानाक्यावर अवरेकाईचे ढीग पडतात. महाराष्ट्रात याला पावटा म्हणतात. पण पावटा म्हटलं की शेंग तेवढी आठवते, वास आठवत नाही. अवरेकाईच्या सालीवर एक तेलकट, उग्र थर असतो. तो बोटांना लागला की साबणाला दाद देत नाही. थंडी आणि दव पडल्याशिवाय हा वास धरत नाही, म्हणून इथली माणसं शेंग आधी नाकाला लावतात आणि मग भाव विचारतात. वास नसला तर ढिगात परत टाकून पुढे जातात.

काल पिशवीभर शेंगा घेऊन मी हूटगळ्ळीला भावाकडे गेले. दत्तू माझा थोरला भाऊ. बेळगोळच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि तिकडेच घर बांधून राहिला. वहिनीने पिशवीत नाक घातलं आणि म्हणाली, "वन्सं, हा आपल्या त्या वर्षीच्या वाटेचा वास."

मी मान हलवली. ती वाट ती एकदाच चालली होती, तीही पुरती नाही. मी लहानपणापासून चालत होते. तरी वास तिचा झाला होता, आठवण तिची झाली होती, आणि जेवताना गोष्ट तिनेच सांगितली. सगळे हसले. मीही हसले. सांगताना तिची एक जागा चुकली होती. ती मी दुरुस्त केली नाही. पेपरच्या डेस्कवर आयुष्य काढलेल्या बाईला हे सोपं नसतं.

आमच्या घराण्यातलं कुणीतरी एके काळी जुन्या म्हैसूर संस्थानाच्या घोडदळात होतं. घोडा गेला, हुद्दा गेला, चालणं तेवढं उरलं. राज्यांची पुनर्रचना झाली, नकाशावरचं म्हैसूर मोठं झालं, पुढे राज्याचं नावही बदललं. पण सुगीच्या दिवसांत घरातल्या काही माणसांनी पायी बिळिगिरीरंगाच्या डोंगरावर जायचं, यात खंड पडला नाही. नवस नव्हता, मानता नव्हती. का जायचं, असं विचारलं तर अप्पा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, "सुम्ने." कन्नडमध्ये सुम्ने म्हणजे उगीच. या उत्तरावर घरातल्या कुणालाही पुढचा प्रश्न सुचलेला मला आठवत नाही. आई कधी आली नाही. ती म्हणायची, "घरात एक माणूस राहायला पाहिजे. नाहीतर परत कुठं येणार तुम्ही?"

चालण्याची एक पद्धत होती. दुपारचं खाणं झालं की एकाने इतरांना मागे सोडून झपाझप पुढे जायचं. रात्रीची जागा शोधायची, ज्याची असेल त्याला विचारायचं, आणि जिथे रस्ता सोडून वळायचं तिथे तरवडाची फांदी दगडाखाली ठेवायची. याला आमच्याकडे आघाडीला जाणं म्हणत. फांदी दिसली की मागच्यांनी मुकाट वळायचं. जागा कशीही निघो, उजाडेपर्यंत तिला नाव ठेवायचं नाही. उजाडल्यावर मात्र चहाच्या घोटाबरोबर काय वाट्टेल ते बोलायची मुभा. हा नियम घोडदळातून आला, असं अप्पा सांगायचे. खरं-खोटं मी तपासलेलं नाही. पण दमलेल्या माणसांना रात्री भांडू न देणारा नियम कुठल्यातरी शहाण्या माणसाने केला असणार.

आघाडी वर्षानुवर्षं अप्पांची. मी जरा मोठी झाल्यावर ते मला बरोबर नेऊ लागले, आणि चालता चालता शिकवू लागले. पाणी जवळ हवं, पण काठावर पथारी नको, दवाने अंथरूण ओलं होतं. चिंचेखाली नको. मळणी चाललेल्या खळ्याजवळ नको. दाणे तिथे उंदीर, उंदीर तिथे साप, आणि सकाळी रास कमी दिसली तर बघणारे पाहुण्याकडे बघतात. गुऱ्हाळ तर नकोच. धूर, मुंग्या, चिकट. देवळाचा ओटा चांगला. शाळेचा व्हरांडा त्याहून चांगला, कारण शाळा कुणा एकाच्या मालकीची नसते, सकाळी कुणाचे आभार मानत बसावं लागत नाही. आणि एक गोष्ट ते दरवर्षी, जवळजवळ त्याच वळणावर सांगायचे. "शालू, आपल्या लोकांच्या घरी मुक्काम करायचा नाही. परक्याकडे ओटा मिळतो, झोपायचं, उठायचं, चालायचं. आपल्याकडे ताट, पाट आणि चौकशी. कुणाची कोण, लग्न का नाही, पगार किती. एकदा आत गेलं की वाट संपली म्हणून समज, अल्वा?"

अल्वा म्हणजे हो की नाही. अप्पांचं वाक्य मराठीत निघायचं आणि कन्नडमध्ये पोचायचं. आमच्या घरात सगळ्यांचंच तसं. यात काही विशेष आहे, हे मला सुमनवहिनी घरात येईपर्यंत माहीत नव्हतं.

ती सांगलीकडची. त्या उन्हाळ्यात दत्तूचं लग्न झालं होतं. जेवताना आम्ही बोलायला लागलो की तिला वाक्याचा पहिला अर्धा भाग कळायचा. उरलेला ती आमच्या चेहऱ्यांवरून ताडायची आणि सगळे हसून झाल्यावर जरा उशिरा हसायची. मला ती वन्सं म्हणायची. म्हैसूरमध्ये नणंदेला असं कुणी म्हणत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही दुसऱ्याच कुणाशी तरी बोलते आहे.

त्या हिवाळ्यात अप्पांचा उजवा गुडघा दुखत होता. वीज खात्यातून ते निवृत्त झाले होते आणि खात्यातल्या खांबांपेक्षा आपला गुडघा जास्त जुना आहे, असं गमतीने सांगत होते. निघायच्या आदल्या दिवशी ते पडवीत म्हणाले, "आघाडी आता माझ्याकडनं होत नाही. यंदा तुम्ही पोरं जाऊन बघा. मग ठरवू पुढं कोणी जायचं ते."

या प्रश्नाला एकच उत्तर आहे, असं मी धरून चालले होते. दत्तूला जागेचं काहीच नव्हतं, तो बसल्या बसल्या झोपू शकायचा. उरले मी. मला ती आघाडी हवी होती. पेपरात नोकरी लागली त्या दिवशीसुद्धा एखादी गोष्ट इतकी हवी आहे असं मला वाटलं नव्हतं. तेवढ्यात आतून वहिनी म्हणाली, "मी पण येऊ का? घरात बसून काय करू?" आणि अप्पा लगेच म्हणाले, "बरं होईल की. चार जण होतात."

पहिल्या दिवशी आघाडी माझी. नरसीपूरच्या रस्त्याला भाताची कापणी उरकत आली होती. कापलेल्या शेतांतून गोड, ओलसर गवताचा वास येत होता. मी एका खेड्याची शाळा निवडली. व्हरांडा पूर्वेला, म्हणजे सकाळी ऊन. विहीर हाकेच्या अंतरावर. चाव्या सांभाळणाऱ्या मास्तरांना भेटून परवानगी घेतली. फांदी अशी ठेवली की तिचा शेंडा शाळेकडे होता. सगळे गाढ झोपले. सकाळी चहा झाला, आता बोलायची मुभा होती. मी वाट बघत होते.

अप्पा म्हणाले, "बरं होतं."

दत्तू म्हणाला, "हं." आणि वळकटी बांधायला लागला.

एवढंच.

दुसऱ्या दुपारी मी पाणी पिऊन पिशवी खांद्याला लावली, तोच अप्पा म्हणाले, "आज सुमन जाऊ दे."

"तिला कन्नड कुठं येतं?"

"दत्तू आहे की. ती बघेल, तो बोलेल."

"मला काय कळतंय त्यातलं?" वहिनी म्हणाली. पण पदर खोचला होता.

ती दोघं पुढे गेली आणि मी अप्पांबरोबर मागे चालले. डांबरी रस्त्यावर शेतकऱ्यांनी नाचणीची कणसं पसरली होती. बस, लॉरी, बैलगाडी, जे येईल ते त्यावरून जात होतं आणि फुकटात मळणी होत होती. आम्ही जाताना पायाखाली कणसं चुरचुरत होती. अप्पा काहीतरी सांगत होते. लहानपणी याच रस्त्यावर त्यांचे वडील कसे चालत, कुठे बसत, कुणाशी भांडले. मी अर्धंच ऐकत होते. पुढे वहिनी कुठे थांबेल, चिंचेखाली की खळ्याजवळ, याचा विचार करत होते. दुपारभर अप्पा माझ्या एकटीच्या वाट्याला आले होते आणि माझं लक्ष पुढच्या वळणावर होतं. आज त्या गोष्टींपैकी एकही मला सलग सांगता येत नाही.

फांदी दिसली. फांदी कसली, तरवडाचं अख्खं झुडूप उपटून रस्त्यात आडवं टाकलं होतं.

"आपण काय म्हशी आहोत?" अप्पा म्हणाले, आणि इतके हसले की त्यांना गुडघा धरून थांबावं लागलं.

वळल्यावर आधी वास आला. मग धूर. उसाच्या फडामागे गुऱ्हाळ होतं.

मी अप्पांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. उजाडेपर्यंत नाव ठेवायचं नाही, हा नियम ते पाळत असावेत, अशी मी समजूत करून घेतली. छपराखाली भल्यामोठ्या काहिलीत रस उकळत होता. काहिलीच्या एका बाजूला गूळ रांधणारा उघडाबंब माणूस, दुसऱ्या बाजूला वहिनी. ती त्याला मराठीत सांगत होती, "मळी आली बघा वर. काढा, काढा लवकर." तो तिला कन्नडमध्ये सांगत होता की बाई, मागे सरक, पदर पेटेल.

दत्तू उसाच्या पिळलेल्या चोयट्यांच्या ढिगावर पाय पसरून बसला होता. "अप्पा, तासभर हेच चाललंय. ती मराठीत ओरडतीय, तो कन्नडात. कुणाला कुणाचं कळत नाही, आणि दोघंही बरोबर आहेत."

त्या माणसाने केळीच्या पानावर गरम काकवी ओतली आणि पहिलं पान वहिनीपुढे धरलं. मग अप्पांपुढे. रात्र चुलाण्याच्या उबेत गेली. पौषातल्या थंडीत अंगावर दुसरं पांघरूण लागलं नाही, हे नोंदवायला हवं. आणि सकाळी जे सुरू झालं ते पुढच्या मुक्कामापर्यंत थांबलं नाही.

"माझी लुंगी जमिनीला चिकटली," दत्तू म्हणाला. "मी उठलो, लुंगी उठली नाही."

"मुंग्या बघितल्यास?" अप्पा म्हणाले. "मला दोनदा वाटलं, या मला उचलून वारुळात नेणार. मी म्हटलं, न्या गं बायांनो, गुडघा तेवढा जपून धरा."

"केसात धूर, दाढीत धूर."

"आणि सुमन म्हणते मळी काढा!"

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. या वेळी बरोबर सगळ्यांबरोबर, उशिरा नाही. "आमच्या मामांचं गुऱ्हाळ आहे हो," ती म्हणाली. "वास आला आणि पायच वळले. ह्यांना म्हटलं, इथंच."

जागा निवडायची ही काही रीत नव्हती. अप्पांनी मला जे जे नको म्हणून शिकवलं होतं त्यातलं एक तिने नेमकं उचललं होतं. पण माझ्या शाळेबद्दल दोन शब्द निघाले होते आणि तिच्या गुऱ्हाळावर ही माणसं कोसभर बोलत होती. पुढे डेस्कवर मी हे फार वेळा पाहिलं. छापायच्या आधी पकडलेली चूक कुणाला कळत नाही. छापून गेलेली चूक लोक कापून जपून ठेवतात. नीट लागलेलं पान सकाळी वाचलं जातं, दुपारी त्यावर भजी बांधली जातात. याबद्दल मी कधी तक्रार केली नाही, कारण कामाचं स्वरूपच तसं आहे. पण घरातली माणसंही पेपरच्या वाचकांसारखीच वागतात, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं, आणि ते मला आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाळी माझी होती. मी तसं बोललेही. अप्पा पाय चोळत बसले होते. वर न बघता म्हणाले, "आजही तिलाच जाऊ दे गं. मजा येतीय."

"आयतु," मी म्हटलं. आयतु म्हणजे ठीक, झालं. कन्नडमधला हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात राग लपतो.

त्या दुपारी मी अप्पांच्या पुढेच चालले, पण आघाडी म्हणून नाही. गुडघ्यामुळे ते मागे पडत होते आणि मी थांबत नव्हते. संध्याकाळी एका लहानशा खेड्याच्या तोंडाशी फांदी दिसली. तिचा शेंडा होता त्या बाजूला एक घर, आणि अंगणात वहिनी अवरेकाईच्या शेंगांच्या राशीपुढे बसलेली. तिच्यासमोर एक म्हातारी. दोघी शेंगा सोलत होत्या आणि म्हातारी वासराला ओरडत होती, "ए मुडद्या, तिकडं मर की! सगळं तुडवून ठेवलास!"

मराठीत.

वहिनी धावत आली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. "अप्पा, मी रस्त्याने जात होते, आणि ह्या वासराला मराठीत शिव्या देत होत्या. मी तिथंच उभी राहिले."

"अर्धा घंटा रडली बाई," म्हातारी म्हणाली. "मी म्हटलं, वासराला बोलले तर ही का रडते?" त्यांना गावात सगळे अक्का म्हणत. त्यांच्या घरातलेही कुणी मागे घोडदळात होते. घोडा आमच्यासारखाच गेला, जमीन राहिली होती. "म्हैसूरनं आलासा? चालत? बस बंद पडल्यात काय? हुच्चु लागलंय तुमाला." हुच्चु म्हणजे वेड.

अप्पा उंबऱ्याबाहेर उभे होते. आता ते काय करतील, हे मी पाहत होते. इतक्या वर्षांत त्यांनी मोडू न दिलेला हा एकच नियम होता. अक्कांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. अप्पांनी पाय धुतले आणि आत गेले.

मग सगळं त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. पाट मांडले, ताटं वाढली, चौकशी सुरू झाली.

"ही लेक का तुमची?"

"हो. शालिनी."

"लग्न?"

"नाही अजून."

"का गं? पाय तर चांगलेच दिसतात तुझे."

"पेपरात नोकरी करते ती," अप्पा म्हणाले.

"म्हणजे छापतीस?"

"नाही, तपासते," मी म्हटलं. "लोक लिहितात, मी चुका काढते."

"मग लग्न कसं होणार?" अक्का म्हणाल्या, आणि अप्पा खळखळून हसले. आमच्या घरात हा प्रश्न निघाला की ते उठून बाहेर जायचे. त्या रात्री ते बसून राहिले, दुसऱ्यांदा आमटी घेतली, आणि हसले.

सकाळी चहा आला तेव्हा मी तयारीत होते. "अप्पा, आपल्या लोकांच्या घरी मुक्काम नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं की."

"का तेही सांगितलं होतं. वाट संपते म्हणून."

"तर, संपली बघ," अप्पा म्हणाले आणि धोतर वर करून गुडघा दाखवला. तो सुजून गोल झाला होता. "मी काय आता डोंगर चढत नाही. तुम्ही जाऊन या. मी अक्कांच्या इथं पडतो."

"मी थांबते अप्पांजवळ," वहिनी म्हणाली. कुणी विचारण्याआधी म्हणाली.

दत्तू वळकटी बांधत होता. मी उभीच होते. "मग आघाडी?" मी विचारलं.

"तू जा की," अप्पा म्हणाले. "आता दुसरं आहे कोण?"

जे हवं होतं ते असं मिळालं. पंगत उठल्यावर कुणीतरी यावं आणि उरलेलं त्याच्या पानात वाढावं, तसं. मी ते घेतलं.

दत्तू वाटेत म्हणाला, "दोघांत कसली आघाडी? चल की बरोबर." पण मी पुढे गेले. चढावर बांबूची बनं होती, पलीकडे पठार धुक्यात बुडालेलं होतं. डोंगरावर मी देवळाच्या खालच्या अंगाला एक ओवरी निवडली. वारा अडणारी, पाणी जवळ, ओटा कोरडा, चिंच नाही, खळं नाही, ओळखीचं माणूस नाही. अप्पांचं सगळं शिकवणं एका जागेत सापडणं कठीण असतं. तिथे सापडलं होतं. फांदी ठेवली. ती पाहून वळणारा एकटा दत्तू होता. तो आला, जेवला, झोपला. सकाळी उठून म्हणाला, "बरं होतं."

नंतरची बरीच वर्षं आघाडी माझ्याकडेच होती. चुलत भावंडं येत, कधी मैत्रिणी येत. माझ्या जागांना कुणी नाव ठेवल्याचं मला माहीत नाही. अप्पा मात्र पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. मी परत आले की पडवीत विचारायचे, "कुठं थांबलात?" मी सांगायचे. दिशा, पाणी, ओटा. ते मान हलवायचे. मग आतल्या बाजूला बघून आवाज द्यायचे, "सुमन, ऐकलंस? यंदाही गुऱ्हाळ नाही!" आणि आतून हसण्याचा आवाज यायचा.

आम्ही डोंगरावरून खाली आलो त्या दुपारकडे मला परत यायचं आहे. अक्कांच्या अंगणात बाजेवर अप्पा पाय लांब करून बसले होते. गुडघ्याला एरंडाची पानं बांधली होती. वहिनी खाली बसून भिजवलेल्या अवरेकाईच्या दाण्यांची सालं चिमटीने काढत होती. त्यांनी आम्हाला पाहिलं नव्हतं. अप्पा तिला काहीतरी सांगत होते, फार सावकाश. मधेच थांबत होते, हवेत बोट फिरवत होते, मग पुढचा शब्द येत होता. आधी मला वाटलं, त्यांना बरं नाही. मग लक्षात आलं. ते नुसत्या मराठीत बोलत होते. तोंडात आलेला कन्नड शब्द बाजूला ठेवून, तिला कळेल असा शब्द शोधत होते. "माझे वडील," ते म्हणाले, "ह्याच रस्त्यावर... काय म्हणतात तुमच्याकडे... रुसून बसले होते."

ही गोष्ट ते मला रस्त्यात सांगत होते, नाचणीच्या कणसांवरून चालताना. तेव्हा ती भरभर, अर्धी मराठी अर्धी कन्नड, न थांबता येत होती आणि मी ती ऐकली नव्हती. माझ्यासाठी त्यांना शब्द शोधावा लागत नव्हता. हे जवळिकीचं लक्षण आहे, असं आज कुणी मला सांगितलं तर मी मान्य करीन. त्या दुपारी अंगणाच्या कडेला उभी असताना मला एवढंच दिसलं की माझा बाप दुसरीसाठी शब्द निवडतो आहे.

विहिरीवर मी पाय धूत असताना वहिनी घागर घेऊन आली. "वन्सं, तुम्ही रागावलात ना?"

"कशाबद्दल?"

"आघाडी. ती तुमचीच. मी अप्पांना म्हटलं, मला नका पाठवू परत." तिने घागर कठड्यावर ठेवली. "मला कुठं पुढं जायचं होतं? मला थांबायचं होतं कुठेतरी. दोन्ही वेळेला घरासारखं काही दिसलं आणि पाय थांबले. अप्पांना कळलं ते. म्हणाले, जा, तुला दिसेल तिथं थांब."

अप्पांना हे केव्हा कळलं, मी विचारलं नाही. मी एका शर्यतीत धावत होते आणि दुसरी बाजू त्या शर्यतीत कधी उतरलेलीच नव्हती. याने हेवा कमी व्हायला हवा होता. तो कमी झाला नाही, त्याला धरायला जागा मात्र राहिली नाही.

गुडघ्यामुळे घरी बसने जायचं ठरलं. अक्का रस्त्यापर्यंत आल्या, आणखी दोन दिवस राहा म्हणून शेवटपर्यंत भांडल्या. बस भरून आली. अप्पा लंगडत खिडकीशी गेले, खांद्यावरचा टॉवेल आत सीटवर टाकला आणि दारातून चढले. इकडे जागा धरायची हीच रीत आहे. टॉवेल पडला की सीट त्याची. दत्तू सामान घेऊन मागच्या दाराने चढला. अप्पा आपल्या सीटवर बसले आणि शेजारची जागा हाताने अडवून धरली. मग दाराकडे बघत मोठ्याने म्हणाले, "ये गं, ये लवकर!"

पायरीवर आम्ही दोघी होतो. दोघींनीही एकदम पाऊल उचललं.

मधे कोंबड्यांची पाटी घेतलेली एक बाई होती. तिच्या डोक्यावरून अप्पा नेमकं कुणाकडे बघत होते, ते दिसत नव्हतं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि पाऊल मागे घेतलं. "जा, वन्सं."

मी गेले आणि बसले. अप्पांनी टॉवेल उचलून मांडीवर घेतला. बस निघाली, खिडकीतून कापलेली शेतं मागे जायला लागली. कुणाला हाक मारली होती, हे विचारायला पुरेसा वेळ होता. पुढच्या थांब्याच्या आधीच त्यांना झोप लागली आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मागे उभी राहून वहिनी दत्तूला काहीतरी सांगत होती, तो हसत होता. म्हैसूर येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.